विकास बँकेचे कर्ज आणि आपला शेतमाल

गावची सहकारी सोसायटी सभासदांच्या पतीवर चालते. १९६६ साली मनिला येथे स्थापन झालेल्या आशियाई विकास बँकेचेही तसेच आहे. सभासद राष्ट्रे भांडवलाचा थोडाच भाग रोख भरतात. उरलेल्याची हमी देतात. त्या हमीवर बँक जगाच्या बाजारात रोखे विकून अल्प व्याजाने पैसा उभारते व दीर्घ मुदतीने कर्ज देते. परदेशी व्यापारात विक्रेत्याचे पैसे बुडू नयेत म्हणून ती खरेदीदाराच्या बँकेस जामीनही राहते.

२०२१ साली तिने महाराष्ट्रातील फळे, भाजीपाला व फुले यांच्या साठवण व विक्रीव्यवस्थेसाठी १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. शासनाला ते फेडावयाचे आहे. शीतगृह रिकामे राहिले तरी हप्ता चुकत नाही. म्हणून शेतकरी बंधु-भगिनींनी प्रतवारी केलेला माल एकजुटीने तेथे आणावा.