टोक पिसिन शिकायची तर इंग्रजी बाजूला ठेवून

पापुआ न्यू गिनीत ८००हून जास्त भाषा बोलल्या जातात. एका खोऱ्यातली बोली डोंगरापलीकडच्या माणसाला कळत नाही, म्हणून बाजारात, चर्चमध्ये, दवाखान्यात आणि थेट संसदेतही लोक टोक पिसिन या समाईक भाषेचा आधार घेतात. तिचे बहुतेक शब्द मुळात इंग्रजी. त्यामुळे इंग्रजी जाणणाऱ्या परक्याला पहिल्याच दिवशी वाटतं, निम्मं तर कळतंय! आणि नेमका तिथेच तो अडकतो. माझं ठाम मत असं, की इंग्रजीची मदत शब्द लक्षात ठेवण्यापुरतीच घ्यावी. वाक्य बांधताना आपली मराठी कितीतरी जास्त कामाला येते.

ही भाषा इंग्रजीपासून इतकी दूर गेली त्याला इतिहास कारण आहे. एकोणिसाव्या शतकात पॅसिफिकच्या वेगवेगळ्या बेटांवरचे मजूर क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर आणि सामोआतल्या जर्मन मळ्यांवर एकत्र आले, आणि मोडक्या इंग्रजीत एकमेकांशी बोलू लागले. १८८४ साली न्यू गिनीचा ईशान्य भाग जर्मनीच्या ताब्यात गेला आणि १९१४पर्यंत राहिला. म्हणजे तीस वर्षं ही बोली वाढली ती इंग्रज साहेबाच्या कानाआड. ‘असं नाही, तसं म्हण’ असं सांगणारं कोणी नव्हतं. राबाउलच्या परिसरातल्या तोलाइ लोकांच्या भाषेतून तिने शब्द घेतले: अंड्याला ‘किआउ’, कबुतराला ‘बालुस’ (पुढे विमानालाही बालुसच). हाकलणे याला ‘राउसिम’ आणि प्रार्थनेला ‘बेटेन’ हे जर्मनकडून आले. खलाशांच्या तोंडून आलेले ‘सावे’ म्हणजे जाणणे आणि ‘पिकिनिनि’ म्हणजे मूल हे दोन शब्द मूळचे पोर्तुगीज वळणाचे. तीच पोर्तुगीज रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईला आली, तिथे तिने मराठीची वाक्यरचना उचलली आणि क्रियापद शेवटी नेलं. अशी भाषा आपल्या किनाऱ्यावर आजही बोलली जाते, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.

शिकायला सुरुवात सर्वनामांपासून करावी. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द, त्यामुळे ऑस्ट्रेलियातून आलेला माणूस इथे महिनोन्‌महिने चुकत राहतो. मराठी माणसाला हा भेद आईच्या भाषेतच मिळालेला असतो. ऐकणाऱ्याला धरून असेल तर ‘युमि’, वगळून असेल तर ‘मिपेला’. ‘युमि गो’ म्हणजे चला, आपण जाऊ. ‘मिपेला गो’ म्हणजे आम्ही निघालो, तुम्ही थांबा. त्यापुढे दोघांसाठी आणि तिघांसाठी वेगळी रूपं आहेत: ‘युमिटुपेला’ आपण दोघं, ‘मिटुपेला’ आम्ही दोघं, ‘मिट्रिपेला’ आम्ही तिघं. ‘तो’ आणि ‘ती’ यांना मात्र एकच ‘एम’, आणि या ‘एम’नंतर क्रियापदाआधी एक छोटा ‘इ’ येतो: ‘एम इ टोक’, तो बोलतो. ‘मि’ आणि ‘यु’ यांच्यानंतर तो येत नाही.

क्रियापदाचं रूप पुरुष, लिंग, काळ कशानेही बदलत नाही. काळ दाखवायला सुटे शब्द असतात. ‘बिन’ भूतकाळ, ‘बाय’ भविष्य. काम पुरं झालं की क्रियापदामागे ‘पिनिस’: ‘मि काइकाइ पिनिस’, माझं खाऊन झालं. काम चालू असेल तर शेवटी ‘इ स्टाप’, म्हणजे ‘राहणे’: ‘एम इ वोक इ स्टाप’, तो काम करतो आहे. सवय सांगायची तर मघाचाच ‘सावे’ क्रियापदाआधी बसतो: ‘मि सावे काइकाइ बुआइ’, मी सुपारी खातो.

आता ‘-इम’ या शेपटाकडे नीट लक्ष द्यायला हवं, कारण सारी गंमत तिथे आहे. गाडी बिघडली, तर ‘कार इ बागाराप’. त्याने गाडी बिघडवली, तर ‘एम इ बागारापिम कार’. पाणी उकळलं, ‘वारा इ बोइल’. पाणी उकळवलं, तर ‘बोइलिम वारा’. बिघडणे-बिघडवणे, उकळणे-उकळवणे ही जोडी आपल्या जिभेवर आहेच, फक्त इथे ती बहुतेक ठिकाणी एकाच शेपटाने जुळते. ‘बागाराप’चं मूळ इंग्रजीतल्या एका असभ्य शब्दात आहे, पण टोक पिसिनमध्ये तो शब्द पूर्णपणे सभ्य आहे. तो ऐकून हसणारा परका आपलं अज्ञानच दाखवतो.

काही ठिकाणी मात्र इंग्रजी कान खरंच धोक्यात घालतो. ‘यु नो केन गो’ याचा अर्थ तू जाऊ शकत नाहीस असा नाही. जाऊ नकोस, असा आहे. जमणार नाही म्हणायचं तर ‘नो इनाप’ वापरावं. ‘किलिम’ म्हणजे नुसतं मारणं, आपण ‘त्याला मारलं’ म्हणतो तसं. जीव घेतला असेल तर ‘किलिम इ डाइ’ म्हणतात. पोलीस चौकीत किंवा दवाखान्यात या दोहोंतला फरक केवढा, हे सांगायला नको. ‘यु नो काइकाइ?’, तू जेवला नाहीस?, याला ‘येस’ उत्तर आलं तर तो माणूस उपाशी आहे. ‘होय, नाही जेवलो’ असा त्याचा अर्थ. शहरात इंग्रजी वळणाचं उत्तरही येतं, म्हणून आपण पूर्ण वाक्यात बोलावं हे बरं.

नात्यांच्या शब्दांतही इंग्रजी फसवते. जुन्या वळणाच्या बोलण्यात ‘ब्राटा’ म्हणजे आपल्याच लिंगाचं भावंड. बाईची बहीणसुद्धा तिची ब्राटा. ‘सुसा’ म्हणजे विरुद्ध लिंगाचं. मामाला वेगळा शब्द आहे, ‘कांड्रे’. सासरच्या माणसांना ‘टांबु’ म्हणतात, आणि अनेक समाजांत त्यांचं नाव उच्चारत नाहीत.

मळ्यांवरचे आणि घरांतले गोरे मालक इंग्रजी वाक्यांना ‘-इम’ आणि ‘-पेला’ चिकटवून जे बोलत, त्याला स्थानिक लोक ‘टोक मास्टा’ म्हणत. आज नवशिक्याने सर्वांत जपायचं ते त्यापासून. तसं बोलून काम होतं, पण ऐकणाऱ्याचा अपमानही होतो. फादर फ्रान्सिस मिहालिक यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला शब्दकोश-व्याकरण ग्रंथ आणि त्यांनीच १९७०मध्ये सुरू केलेलं ‘वांटोक’ हे वृत्तपत्र ही वाचायला उत्तम साधनं. कान तयार करायला बाजार. बुआइ विकणाऱ्या बाईशेजारी बसावं. ती सुपारीबरोबर ‘डाका’ ही पानवेलीच्या जातीची शेंग आणि ‘कांबांग’ म्हणजे चुना देते, आणि गप्पा सुरू होतात. वाटेत भेटणारा ‘यु गो वे?’ विचारतो. आपल्या ‘कुठे निघालात?’सारखीच ही विचारपूस. प्रश्नशब्दही मराठीसारखाच आपल्या जागी राहतो, उचलून वाक्याच्या सुरुवातीला आणावा लागत नाही.

पुस्तकातून शिकून शहरात गेल्यावर बहुतेकांना कळेनासं होतं. लाए किंवा पोर्ट मोर्सबीत हजारो मुलांची टोक पिसिन हीच जन्मभाषा झाली आहे आणि ती मुलं भराभर बोलतात. ‘बाय’ हा मुळात ‘बाइम्बाइ’ असा लांब शब्द होता. भाषाशास्त्रज्ञ जिलियन सॅन्कॉफ आणि सुझान लाबर्ज यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की तो आखडत जाऊन क्रियापदाला चिकटू लागला आहे आणि मुलांच्या तोंडी तर जेमतेम ऐकू येतो. ‘बिलोंग’ (आपला ‘-चा’) याचं ‘ब्लो’ होतं, ‘लोंग’ (आपला ‘-ला’ किंवा ‘-त’) याचं नुसतं ‘लो’. फोनवरच्या निरोपांत तर असंच लिहितात. तेव्हा ‘इसि इसि’, सावकाश, असं म्हणून खुशाल पुन्हा बोलायला सांगावं. तिथे कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.