‘क्वीन’: मैदानाला गायला लावणारा बँड

पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत 1958 मध्ये पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात पियानो वाजवणारा मुलगा होता फारोख बल्सारा. 1946 साली झांझिबारला जन्मलेल्या या पारशी मुलाला आईवडिलांनी आठव्या वर्षीच सह्याद्रीच्या पठारावर शिकायला पाठवले होते. मित्र त्याला इथेच फ्रेडी म्हणू लागले. त्याची गती पाहून मुख्याध्यापकांनी घरी पत्र लिहिले आणि जादा फी भरून पियानोची शिकवणी सुरू झाली. शाळेच्या गायकवृंदातही तो होता, नाटकांतही. हेक्टिक्समध्ये पुढे उभा राहून गाणारा मात्र दुसराच होता. पियानोचे हे शिक्षण पुढे फार उपयोगी पडले, कारण त्याची कितीतरी गाणी पियानोवरच बांधली गेली.

1964 च्या क्रांतीत झांझिबार सोडून बल्सारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टमला आले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले. तिथेच ‘स्माइल’ या बँडशी त्याची गाठ पडली. ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी त्यात गिटार वाजवी आणि रॉजर टेलर ड्रम. 1970 मध्ये त्यांचा गायक निघून गेला आणि फ्रेडी आत आला. बँडचे नाव ‘क्वीन’ त्यानेच सुचवले, स्वतःचे आडनावही बदलून मर्क्युरी केले. पुढच्या वर्षी बास गिटारसाठी जॉन डीकन आला. बँडचे बोधचिन्हही फ्रेडीनेच काढले आणि त्यात चौघांच्या राशी गुंफल्या: दोन सिंह, एक कर्क, एक कन्या.

1973 च्या पहिल्या अल्बमकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. 1974 मध्ये ‘किलर क्वीन’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, तरी करार असा होता की चौघांच्या हाती पैसा जवळजवळ येतच नव्हता. तो करार मोडल्यावर, 1975 मध्ये, त्यांनी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ केले. हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे आणि ध्रुवपदाशिवायचे. मध्येच ऑपेराचा प्रचंड गायकवृंद. तो सगळा वृंद म्हणजे तिघांचेच आवाज, टेपवर थरावर थर चढवलेले. एवढे लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही, असे जाणकारांचे मत होते. निवेदक केनी एव्हरेट यांनी मात्र ते एकाच शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवले. सोबत काढलेली चित्रफीत दूरचित्रवाणीवर झळकली आणि गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

बँडच्या वाटचालीतले खरे वळण त्यानंतरचे आहे. 1977 मध्ये स्टॅफर्डच्या एका कार्यक्रमात प्रेक्षक थांबेचनात. ते स्वतःच बँडसाठी गाऊ लागले. या दाटीवाटीत उभ्या असलेल्या लोकांना करता येईल असे काय आहे, असा प्रश्न ब्रायन मेला पडला. पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, सोपे ध्रुवपद म्हणता येईल. ‘वी विल रॉक यू’ यातूनच झाले: दोनदा पाय, एक टाळी, ड्रम अजिबात नाही. लंडनच्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत थोड्या लोकांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले. मेने त्या आवाजाच्या प्रती वेगवेगळ्या अंतराने मागे ढकलून एकावर एक ठेवल्या आणि ती अंतरे अविभाज्य संख्यांच्या हिशेबाने निवडली. त्यामुळे प्रतिध्वनी ओळखू येत नाही, हजारोंचा जमाव असल्याचे वाटते. भौतिकशास्त्राचा इतका सुंदर उपयोग रॉक संगीतात क्वचितच झाला असेल. त्याच्याच जोडीला फ्रेडीचे ‘वी आर द चॅम्पियन्स’ आले. ही दोन गाणी आज खेळाच्या मैदानांचीच झाली आहेत.

चौघेही गाणी लिहीत, ही क्वीनची आणखी एक ताकद. डीकनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ 1980 मध्ये अमेरिकेत पहिले आले. मार्च 1981 मध्ये साओ पावलोच्या मोरुंबी स्टेडियममध्ये लाखाहून अधिक लोक जमले; इंग्रजी न येणारी गर्दीही गाणी म्हणत होती. पण अमेरिकेतली लोकप्रियता लवकरच ओसरली आणि 1982 नंतर फ्रेडीने तिथे जाहीर कार्यक्रम केला नाही. 1984 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत कार्यक्रम केल्याबद्दल बँडवर कडक टीका झाली, आणि ती रास्तच होती.

13 जुलै 1985 रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ हा संगीताचा कार्यक्रम झाला. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये सुमारे 72,000 प्रेक्षक होते आणि उपग्रहाद्वारे जगभर थेट प्रक्षेपण. क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. आधी कसून तालीम करून त्यांनी त्यात सहा गाणी बसवली. टेलरच्या ‘रेडिओ गा गा’ला सगळे स्टेडियम एकाच वेळी हात उंचावून टाळ्या देत होते. मध्येच फ्रेडी केवळ स्वरांच्या लकेरी घेई आणि ती गर्दी तशाच परत करी. उतरणीला लागल्यासारखा वाटणारा बँड त्या संध्याकाळनंतर पुन्हा सगळ्यांच्या तोंडी झाला.

ऑगस्ट 1986 मध्ये नेबवर्थला फ्रेडी क्वीनबरोबर मंचावर अखेरचा गायला. 24 नोव्हेंबर 1991 रोजी एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. पुढच्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीतच त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. डीकन कालांतराने निवृत्त झाला. मे आणि टेलर 2012 पासून गायक ॲडम लॅम्बर्टला घेऊन दौरे करत आले आहेत.