विश्लेषण : डबल सीटवर मागच्यालाच जास्त गचके का बसतात?

नंदुरबार जिल्ह्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून तालुक्याला, शहाद्याहून प्रकाशामार्गे नंदुरबारला, मिरचीच्या हंगामात बाजार समितीत आणि होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात, सगळीकडे तीच धावते. बहुतेक वेळा ती ‘डबल सीट’ असते. मात्र तासाभराच्या प्रवासानंतर चालवणारा ठीक असतो आणि मागे बसलेली आई, पत्नी किंवा आजोबा कंबर धरून उतरतात. असे का होते? गाडी न बदलता, फारसा खर्च न करता हा त्रास कमी करता येतो का?

मागे बसणाऱ्यालाच त्रास जास्त का?

याचे उत्तर बसण्याच्या जागेत आहे. १०० ते ११० सीसीच्या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर साधारण सव्वा मीटर असते. चालवणारा या दोन चाकांच्या मध्ये, किंचित मागच्या बाजूला बसतो. पुढचे चाक ५ सेंटिमीटर उचलले गेले, तर त्याच्यापर्यंत त्यातली दोनेक सेंटिमीटर हालचाल पोहोचते. मागचे चाक तेवढेच उचलले गेले, तर तीनेक. मागे बसणारा मात्र जवळपास मागच्या चाकाच्या वरच असतो. त्या चाकाचा गचका त्याला पुरा बसतो. शॉकअप हा गचका कमी करतो, पण दोघांच्या वाट्यातला फरक मिटवत नाही.

दुसरे कारण म्हणजे चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. तो नकळत हात-पाय आवळतो, अंग सावरतो. मागच्याला समोरची पाठ दिसते आणि गचका अचानक येतो.

ठरावीक वेगातच कंबर का भरून येते?

बसलेल्या माणसाच्या शरीराला, विशेषतः मणक्याला, सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली हालचाल सर्वाधिक जाचते. शरीरावरील कंपनांचे मोजमाप ठरवणाऱ्या ‘आयएसओ २६३१’ या आंतरराष्ट्रीय मानकातही उभ्या कंपनांच्या याच पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलेले आहे.

आता गणित पाहा. उखडलेल्या डांबरी रस्त्यावर दर २ मीटरवर एक खळगा आहे आणि गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर आहे. म्हणजे गाडी सेकंदाला १० मीटर जाते आणि सेकंदाला ५ गचके बसतात, नेमके त्या त्रासदायक पट्ट्यात. शिवाय वेग निम्मा केला की चाक वर फेकले जाण्याचा वेगही निम्मा होतो आणि धक्क्यातली ऊर्जा पाव होते. त्यामुळे खराब पट्ट्यात वेग कमी करणे हा सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपाय ठरतो.

गतिरोधकाचेही तसेच आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडता यावा, हा त्यामागचा हिशेब. गावात लोकांनी स्वतः घातलेले उंचवटे अरुंद आणि खडे असतात. तिथे २५ चा वेगही जास्तच.

शॉकअपची खाच कधी बदलायची?

बहुतेक छोट्या मोटारसायकलींच्या मागच्या शॉकअपला ५ खाचा असतात. त्या टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने फिरवता येतात. एकट्याने फिरताना खालची खाच पुरते. डबल सीट आणि सामान असेल तर वरची लागते. अनेक गाड्यांची खाच मात्र शोरूममधून आल्यापासून तशीच असते.

खाच वर केल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज चुकीचा आहे. स्प्रिंग तीच राहते. ती आधीच थोडी दाबून ठेवल्याने दोघांच्या वजनाखाली गाडीचा मागचा भाग कमी बसतो. शॉकअपला दबायला जागा शिल्लक राहते आणि मोठ्या खड्ड्यात तो तळाला ‘ठक्क’ करून आदळत नाही. कंबरेत कळ जाते ती बहुधा या आदळण्याने.

तपासणे सोपे आहे. गाडी मधल्या स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून मागच्या चाकाच्या नटापासून सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मग दोघांनी नेहमीसारखे बसावे आणि तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. शॉकअपच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश फरक पडणे योग्य. निम्म्याहून जास्त पडत असेल तर एक खाच वर घ्यावी. दोन्ही बाजूंची खाच सारखीच हवी. दांड्यावर तेल ओघळलेले दिसले किंवा सीट दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत राहिली, तर शॉकअप संपला आहे. खाच बदलून उपयोग नाही.

हवा कमी केली तर गाडी मऊ चालते का?

क्षणभर तसे वाटते, पण डबल सीटवर ते महागात पडते. कमी हवेत टायर खड्ड्याच्या काठावर चेपतो, ट्यूब रिमखाली सापडून पंक्चर होते आणि रिमला पोचा पडतो. अनेक कम्युटर गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत मागच्या टायरसाठी एकट्याला २८ आणि दोघांना ४० पीएसआयच्या आसपास, तर पुढच्या टायरसाठी २५ च्या आसपास आकडा असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. पंपावर दोन्ही चाकांत सरसकट ४० भरून घेतल्यास पुढचे चाक दगडासारखे होते आणि चालवणाऱ्याचे मनगट दुखते.

भाराचीही मर्यादा असते. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांसाठी ती १३० किलोच्या आसपास आहे. ६५ आणि ६० किलोची दोन माणसे बसली की जेमतेम ५ किलो उरतात. त्यात धान्याचे पोते चढवले, तर कुठलीही खाच पुरी पडत नाही.

सीट मऊ करून घ्यावी का?

खूप मऊ स्पंज पहिली ५ मिनिटे बरा वाटतो. नंतर तो पूर्ण दबतो आणि खालचा पत्रा टोचू लागतो. घट्ट, पण दाबल्यावर पुन्हा वर येणारा फोम लांबच्या प्रवासाला चांगला. फोम बसला असेल तर नुसते कव्हर न बदलता आतला थर बदलून घ्यावा.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. साडीत एका बाजूला बसल्यावर कंबर पिळलेली राहते आणि पायांवर भार घेऊन गचका झेलता येत नाही. शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून, दोन्ही फुटरेस्टवर पाय टेकवून बसावे. मागच्यासाठी हाताची पकड, फुटरेस्ट आणि मागचे चाक निम्म्यापर्यंत झाकणारा साडी गार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. दिसायला बरे म्हणून ते काढून टाकू नये.

घाटात काय लक्षात ठेवावे?

तोरणमाळच्या सातपायरी घाटात किंवा तळोदा-धडगाव मार्गावरील चांदसैली घाटात उतरताना मागचा माणूस पुढे सरकतो आणि सगळा भार चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो. खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक वळणाआधी लावावा. मागच्याने मागची पकड धरावी. खड्ड्यात चाक पडण्याआधी पुढचा ब्रेक सोडावा, कारण ब्रेकमुळे आधीच दबलेला पुढचा शॉकअप गचका झेलू शकत नाही. ‘खड्डा आला’ एवढे दोन शब्द मोठ्याने बोलले, तरी मागच्याला पायांवर भार घ्यायला वेळ मिळतो.

मोटारसायकल कोणासाठी नाहीच?

गाडी कितीही नीट लावली, तरी काही प्रवास तिच्यावर करू नयेत. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांच्या मणक्याला एका जोरदार आदळण्यानेही फ्रॅक्चर होऊ शकते. गरोदर महिलेला दवाखान्यात नेण्यासाठी १०२ किंवा १०८ वर फोन करणे हाच पहिला पर्याय. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल, तर ती जिथपर्यंत येते ते ठिकाण आधीच ठरवून ठेवावे.

९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना नेताना सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी कमाल ४० किलोमीटर वेग हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे आणि तिसरी सीट कायद्याने नाहीच.

आज काय करता येईल?

हवा तपासा, खाच पाहा, साडी गार्ड आणि मागची पकड जागेवर आहेत का ते बघा. पाऊण तासाचे काम आहे. मग एकदा स्वतः मागे बसून नेहमीच्या रस्त्याने जाऊन या. घरच्यांची कंबर नेमकी कुठल्या वळणावर आणि कितीच्या वेगात दुखते, हे चालवणाऱ्याला मागच्या सीटवरूनच कळेल.