बुडालेल्या गुहा: पाच गैरसमज

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात वाहत्या नद्या जवळजवळ नाहीत. पाऊस चुनखडीत मुरतो आणि जमिनीखालच्या गुहांतून समुद्राकडे जातो. जिथे गुहेचं छत कोसळलं, तिथे सेनोते नावाचे डोह उघडे पडले. तुलुमजवळच्या दोस ओहोससारख्या सेनोतेंत पर्यटकांची रीघ असते. त्यांच्यातले काही गैरसमज मात्र गुहेच्या मुळावर येतात.

गैरसमज: लवणस्तंभ पाण्यात तयार झाले, एखादा तुटला तरी पुन्हा वाढेल.
वस्तुस्थिती: लवणस्तंभाला हवा लागते. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि चुना थरावर थर साचतो. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. आज त्या पाण्याखाली आहेत, त्यामुळे तुटलेलं टोक पुन्हा वाढत नाही.

गैरसमज: तारकर्लीला डायव्हिंग केलंय, म्हणजे इथेही जमेल.
वस्तुस्थिती: समुद्रात अडचण आली तर वर येता येतं, गुहेत डोक्यावर खडक असतो. साध्या परवान्यावर पर्यटकाला नेतात ते उजेड दिसतो तिथपर्यंतच, तेही गुहेचं प्रशिक्षण घेतलेल्या गाईडबरोबर. त्यापुढे वेगळं प्रशिक्षण, बाहेरपर्यंत सलग दोरी आणि किमान तीन दिवे हवेतच. हवेचा हिशेबही ठरलेला: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली अडीअडचणीला.

गैरसमज: पाणी काचेसारखं नितळ आहे, वाट कशी चुकेल?
वस्तुस्थिती: तळाशी पिठासारखा गाळ असतो. फिनचा एक चुकीचा फटका बसला की हातातला दिवासुद्धा दिसेनासा होतो. म्हणून गुडघे वाकवून, बेडकासारखे पाय बाजूला मारत पोहतात. तळाला आणि छताला न शिवता तरंगण्याचं हे कसब गुहेला जपतं आणि डायव्हरलाही.

गैरसमज: स्नॉर्केलिंग वरवरचं, त्यानं काय बिघडणार?
वस्तुस्थिती: अंगावरचं सनस्क्रीन थेट भूजलात उतरतं, आणि द्वीपकल्पाची तहान याच भूजलावर भागते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंग धुवायला सांगतात. दमलं की लवणस्तंभाला धरून विसावणं हा दुसरा धोका. त्यापेक्षा लाइफ जॅकेट घालावं. शिवाय हे डोह सुटे नाहीत. दोस ओहोस आणि साक आक्तुन या गुहा जोडलेल्या असल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं, तेव्हा या जाळ्याची लांबी ३४७ किलोमीटर भरली.

गैरसमज: आत नुसता दगड आहे, जपण्यासारखं काय?
वस्तुस्थिती: याच जाळ्यातल्या ओयो नेग्रो या खोल विवरात २००७ मध्ये डायव्हरांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. ती १२ हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. संशोधकांनी तिला ‘नाया’ म्हटलं. आसपास नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडंही होती. अशी हाडं जागची हलली, तर ती तिथे कशी आली हे सांगणारा पुरावाच जातो.

तेव्हा बुकिंग करताना दराआधी दोन प्रश्न विचारा: गाईडकडे गुहेचं प्रमाणपत्र आहे का, आणि त्याच्यामागे किती जण असतील? चारांहून जास्त म्हणाले, तर दुसरीकडे चौकशी करा.