पत्रांतून शिकलेले उड्डाण

सैन्य कितीही पराक्रमी असले, तरी शत्रू कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर ते आंधळ्याप्रमाणे चाचपडत राहते. म्हणून सैन्यात बातमी मिळविणारे व निरोप पोहोचविणारे एक दल असते. त्यास संदेशवहन दल म्हणतात. पूर्वी निशाणे, तारायंत्र आणि दोराला बांधलेले मोठे फुगे ही या दलाची साधने असत. उंचावरून दूरचे दिसते. म्हणून विमानाचा शोध लागल्यावर अमेरिकेच्या सैन्याने तेही याच दलाच्या स्वाधीन केले. या दलातील बेंजामिन फुलॉय या तरुण अधिकाऱ्याचे आयुष्य त्यामुळे पालटून गेले.

फुलॉयचा जन्म १८७९ साली झाला. १८९८ मध्ये तो साधा शिपाई म्हणून सैन्यात शिरला व पुढे अधिकारी झाला. संदेशवहनाच्या शाळेत शिकत असताना १९०७ साली त्याने हवाई जहाजे व विमाने यांच्या लष्करी उपयोगावर एक प्रबंध लिहिला. टेहळणी करणाऱ्या घोडेस्वारांचे काम पुढे विमाने करतील, असे त्याचे मत होते. त्या वेळी सैन्याजवळ एकही विमान नव्हते!

३० जुलै १९०९ रोजी राइट बंधूंच्या विमानाची अखेरची परीक्षा झाली. ऑर्व्हिल राइट विमान चालवीत होते आणि त्यांच्या शेजारी फुलॉय बसला होता. तो अंगाने हलका होता व नकाशा वाचण्यात तरबेज होता. जाऊन येऊन १० मैलांचे अंतर विमानाने ताशी सरासरी ४२.५ मैल वेगाने कापले. विमान परीक्षेस उतरले व सैन्याने ते विकत घेतले.

पुढे विल्बर राइट यांनी फुलॉयला थोडे शिक्षण दिले. परंतु एकट्याने उडण्यापूर्वीच त्याला विमानासह टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे धाडण्यात आले. सुटे भाग भरपूर न्यावेत आणि उडण्यास स्वतःच शिकावे, असा हुकूम होता. तेथे शिकविणारा कोणी नव्हता. अडचण आली की फुलॉय राइट बंधूंना पत्र लिही व उत्तर आले की त्याप्रमाणे पुन्हा प्रयत्न करी. २ मार्च १९१० रोजी त्याने एकट्याने पहिली भरारी घेतली, प्रथमच विमान स्वतः जमिनीवर उतरविले आणि त्याच दिवशी अपघातही अनुभवला!

त्या विमानात बसण्याची जागा उघडी असे. हेलकाव्यासरशी वैमानिक बाहेर फेकला जाण्याची भीती होती. तेव्हा फुलॉयने खोगिरे तयार करणाऱ्या कारागिराकडून चामड्याचा पट्टा करवून घेतला व त्याने स्वतःला जागेशी बांधून घेतले. विमानाला चाकेही नव्हती. ते रुळावरून सोडावे लागे व उतरताना लाकडी पट्ट्यांवर घसरत येई. त्यामुळे जेथे रूळ नाही, तेथून ते उडविणे कठीण पडे. फुलॉय व त्याचे सहकारी यांनी त्यास चाके बसविली. दुरुस्तीसाठी सरकारने दिलेले १५० डॉलर लवकरच संपले, तेव्हा त्याने पदरचे पैसे घातले. सैन्यात त्या काळी विमान एकच आणि ते चालविणाराही एकच!

३ मार्च १९११ रोजी फुलॉय एका सहकाऱ्यासह लारेडोहून ईगल पास येथे १०६ मैल उडत गेला. वाटेत जमिनीवरील तुकड्यांसाठी त्यांनी वरून निरोप टाकले. घोडेस्वारास ज्या मार्गाला दिवस लागले असते, तो विमानाने दोन तासांच्या सुमारास आक्रमिला. निबंधातील विचार प्रत्यक्षात उतरू लागला होता.

पुढे १९३१ मध्ये फुलॉय अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाचा प्रमुख झाला व १९३५ मध्ये निवृत्त झाला. विमानविद्येविषयीचे त्याचे प्रेम मात्र १९६७ साली मृत्यू येईपर्यंत ओसरले नाही. ज्या विमानावर तो उडण्यास शिकला, ते आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

गुरू दूर असला, तरी शिकण्याची तळमळ असेल, तर विद्या जवळ येते. मात्र त्यासाठी पडण्याची भीती आणि विचारण्याची लाज, दोन्ही सोडाव्या लागतात. फुलॉयने त्या सोडल्या, म्हणूनच त्याला आकाश गाठता आले.