जांभई देणाऱ्या मुलाला रागावण्याआधी

मधल्या सुट्टीनंतरचा तास हा जांभयांचा तास असतो, हे कोणताही शिक्षक सांगेल. एका बाकावर सुरू झालेली जांभई पाहता पाहता तीन बाकांवर पोहोचते आणि शेवटी फळ्याजवळ उभ्या असलेल्या सरांनाही येते. अशा वेळी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "रात्रभर काय करत होतास?" आणि दुसरे, "खिडक्या उघडा, ऑक्सिजन कमी पडतोय!" पहिला प्रश्न रागाने विचारला जातो, पण प्रश्न योग्य आहे. दुसरे वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटते, तरी ते खरे नाही.

रक्तात ऑक्सिजन कमी झाला की जांभई येते, ही समजूत फार जुनी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ती प्रयोग करून तपासली. त्यांनी काही जणांना शुद्ध ऑक्सिजन दिला, तर काही वेळा ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली. नेहमीच्या हवेत हे प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नसते. श्वासाचा वेग बदलला, पण जांभयांची संख्या बदलली नाही. व्यायाम करायला लावला, तरी तेच. शिवाय आईच्या पोटातील बाळही जांभई देते, हे सोनोग्राफीत दिसते. बाळाला ऑक्सिजन नाळेतून मिळतो. तिथे तोंड उघडून त्याला कोणती हवा मिळणार?

मग शरीरात होते तरी काय? सारा खेळ पाच-सहा सेकंदांचा. जबडा पूर्ण उघडतो, खोल श्वास आत जातो, घसा, मान आणि छातीचे स्नायू ताणले जातात. डोळे मिटतात आणि अश्रुग्रंथींवर दाब पडून डोळ्यांत पाणी येते. घसा आणि कान यांना जोडणारी नळी उघडते. घाटात कानाला दडे बसले की एका जांभईने ते मोकळे होतात, ते यामुळेच. हृदयाचे ठोकेही थोडा वेळ वाढतात.

हे सर्व मेंदूच्या बुंध्याकडून चालते, आपल्या इच्छेने नाही. अर्धांगवायूच्या काही रुग्णांमध्ये याचा विलक्षण पुरावा दिसतो. जो हात रुग्णाला स्वतःहून हलवता येत नाही, तोच हात जांभईबरोबर आपोआप वर उचलला जातो आणि जांभई संपली की खाली येतो. घरातील माणसांना वाटते, अल्हम्दुलिल्लाह, हात सुटला! पण तेवढ्यावरून हात बरा झाला असे होत नाही, फिजिओथेरपी चालूच ठेवावी लागते. जे आजारी माणसाच्या इच्छेत नाही, ते दहा वर्षांच्या मुलाच्या इच्छेत कसे असेल?

जांभईचा उपयोग काय, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. अँड्र्यू गॅलप यांच्या मते जांभई मेंदूला किंचित थंड करते. त्यांच्या प्रयोगात कपाळावर थंड पट्टी ठेवलेल्यांना जांभया कमी आल्या. २०११ मध्ये त्यांनी अ‍ॅरिझोनातील टक्सन शहरातल्या पादचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्यांच्या जांभयांची छायाचित्रे पाहून हिवाळ्यात जवळजवळ निम्म्या लोकांना जांभई आली, उन्हाळ्यात मात्र साधारण चौथ्या हिश्श्याला. बाहेरची हवाच अंगाइतकी तापलेली असेल तर ती थंडावा देणार कुठून, असा त्यांचा तर्क. सगळ्यांना तो पटलेला नाही.

जांभईचा संसर्ग तर सर्वांच्या ओळखीचा. हा लेख वाचतानाही तो काहींना झाला असेल! तान्ह्या मुलांना जांभई येते, पण ती दुसऱ्याची पाहून येत नाही. ती लागण साधारण चार-पाच वर्षांच्या वयात सुरू होते. लंडनच्या एका प्रयोगात माणसाची जांभई पाहून २९ पैकी २१ कुत्र्यांनी जांभई दिली. तरावीहच्या सफमध्ये एकाची जांभई दहा जणांपर्यंत जाते, त्यात नवल ते काय.

जांभईचा अदब प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवला आहे: शक्य तेवढी रोखावी, तोंडावर हात ठेवावा, मोठा आवाज काढू नये. हदीसच्या भाष्यकारांनी जांभईचा संबंध भरलेले पोट, जडपणा आणि आळस यांच्याशी जोडला आहे. याला प्रयोगशाळेचा दाखला शोधत बसण्याची गरज नाही. मुलांना अदब जरूर शिकवावा, पण 'शक्य तेवढी' हे शब्दही सांगावेत. तोंडावर हात ठेवून जांभई देणारा मुलगा बेअदबी करत नाही.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते आणि तेरा ते अठरा वयात ८ ते १०. आपल्या घरात हिशेब मांडून पाहा. अकराला मोबाइल खाली ठेवला आणि सहाला शाळेसाठी उठवले, तर सातच तास झाले. रमजानमध्ये तरावीहहून परतून अकराला झोपलेले मूल साडेचारला सहरीसाठी उठते, म्हणजे साडेपाच तास. मूल फजरनंतर थोडे झोपले आणि दुपारी त्याला कैलुला मिळाला, तर बरीच भरपाई होते. पण दुपारी शिकवणी आणि संध्याकाळी बाजार असेल, तर दुसऱ्या दिवशी वर्गात जांभया येणारच. लग्नसराईतही हेच. वलीम्याहून रात्री एकला परतलेल्या मुलीला सकाळच्या चाचणीत कमी गुण मिळाले, तर बोलणी तिने का खावीत?

काही मुले मात्र नऊ-दहा तास झोपूनही दिवसभर जांभया देतात. अशा मुलाजवळ रात्री अम्मी-अब्बूंनी थोडा वेळ बसावे. ते रोज घोरते का, तोंड उघडे ठेवून झोपते का, श्वास मध्येच थांबून दचकल्यासारखे होते का, घामाघूम होते का, हे पाहावे. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या की मुलाचा श्वास झोपेत अडतो आणि तासांचा हिशेब पुरा होऊनही झोप पुरी होत नाही. काही मुले त्यामुळे मोठेपणीही अंथरूण ओले करतात आणि त्यासाठी वेगळा मार खातात. सर्दीच्या काही गोळ्यांनीही पेंग येते, म्हणून मूल कोणते औषध घेत आहे तेही पाहावे. घोरणे आणि श्वास अडणे दिसले, तर मोबाइलवर त्याचा छोटा व्हिडिओ काढून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावा. तपासणीच्या वेळी मूल जागे असते, त्यामुळे रात्रीचे ते दृश्य डॉक्टरांना एरवी दिसत नाही.