चार वाजले आणि चकरी फिरू लागली

२८ एप्रिल २०२१, दुपारचे ४. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी ‘कोविन’वर लसनोंदणी खुली झाली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी घरे काय नि पुण्यातली काय, रांग एकच. साइट अडखळली, ओटीपी रखडले. तरी त्या दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या.

अशा गर्दीत सर्व्हर बंदच पडतो असे नाही. पुष्कळदा अडते डेटाबेसपाशी.

पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात १०० जोडण्या घेतो. प्रत्येकी १० जोडण्या धरणारे २० सर्व्हर क्लाउडवर उभे केले की मागणी २००! म्हणजे हुकमी वाटणारा इलाजच दुखणे वाढवतो. तिकडे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात ६० सेकंद उत्तराची वाट पाहून ‘५०४’ ही त्रुटी दाखवतो. त्यामुळे आधी संथ क्वेरींची नोंद तपासावी, योग्य रकान्यावर इंडेक्स घालावा, जोडण्या पीजीबाउन्सर या मधल्या साधनामार्फत वाटून वापराव्यात. नवे सर्व्हर त्यानंतर.